जडसंग्रहाच्या वहीत एक रकाना हवा

भजी संपली की पुडीचा कागद वाचायचा, ही खोड पुष्कळांना असते. तेलाने पारदर्शक झालेल्या त्या कागदावर कधी कोणाची भूगोलाची उत्तरपत्रिका असते, कधी जुन्या खातेवहीचे पान, तर कधी कुठल्याशा कचेरीने पाठविलेले स्मरणपत्र. उत्तरपत्रिका लिहिणाऱ्याला दहापैकी किती गुण मिळाले ते आपल्याला कळते. आपण जरा हसतो आणि कागदाचा बोळा करून टाकून देतो. त्या विद्यार्थ्याचे यात फारसे नुकसान होत नाही. कागद एकच असतो, तो तेलकट झालेला असतो आणि वाचणाराही एकच असतो.

आता अशी कल्पना करा की, त्या पुडीला एक पान नसून शेकडो घरांची कागदपत्रे गुंडाळलेली आहेत. त्यांत आधार कार्डे आहेत, बँकेच्या पासबुकांची पहिली पाने आहेत, जातीचे दाखले आहेत, छायाचित्रे आणि सह्याही आहेत. अक्षर न् अक्षर स्वच्छ आहे. आणि ही पुडी ज्याच्या हाती पडेल त्याला तिच्या हव्या तेवढ्या प्रती फुकट काढता येतात. असली रद्दी आपल्या गावोगावी विकली जात आहे. ती कागदासारखी दिसत नाही, एवढेच. तिला आपण जुना संगणक किंवा जुना लॅपटॉप म्हणतो.

हा प्रश्न आताच निकडीचा का झाला, तेही सांगावयास हवे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीसाठी सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे, काही सवलती वगळता, थांबविले. साधारण २०१७ पूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. परिणाम असा की, चालू स्थितीतील पुष्कळ यंत्रे एकाएकी 'जुनी' ठरली आणि विक्रीस निघाली.

जुना संगणक विकण्यात काही गैर आहे, असे माझे म्हणणे मुळीच नाही. उलट वर्धा जिल्ह्याला पाठकोऱ्या कागदाची परंपरा आहे. सेवाग्रामला १९३६ पासून राहणारे महात्मा गांधी आलेल्या पत्रांची व पाकिटांची कोरी बाजू लिहिण्यासाठी वापरीत, हे आपण शाळेत वाचलेले असते. लॅपटॉपच्या सबंध आयुष्यात खर्च होणाऱ्या ऊर्जेचा फार मोठा वाटा तो कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वीच खर्ची पडलेला असतो. तेव्हा तो दुसऱ्याच्या हाती जाऊन आणखी चार वर्षे चालला तर चांगलेच आहे. नागपूर-अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे) सारख्या गावात कितीतरी मुलांना मिळणारा पहिला लॅपटॉप हा असाच कोणाचा तरी वापरलेला असतो. परंतु पाठकोरा कागद देताना त्याच्या पुढच्या बाजूवर काय लिहिले आहे, हे आपण उलटून पाहतो. संगणक देताना आपण पाहत नाही, आणि पाहिले तरी आपल्याला दिसत नाही. अडचण येथेच आहे.

'पण मी तर सगळे डिलीट केले होते!' असे विकणारा म्हणतो. तो खोटे बोलत नसतो. म्हणून डिलीट केल्यावर काय होते ते आधी पाहू.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांनी पेनड्राइव्हमधून एखादा दोन जीबीचा चित्रपट संगणकावर उतरवून घेतला असेल. त्याला काही मिनिटे लागतात. तोच चित्रपट डिलीट करा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तो नाहीसा होतो. लिहायला काही मिनिटे आणि पुसायला निमिषभर, हे कसे काय? शाळेच्या फळ्याचा अनुभव पाहा. फळा जेवढा भरलेला, तेवढे डस्टर फिरवावे लागते. ज्या कामाला वेळच लागला नाही, ते काम झालेच नसावे, अशी शंका विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यायला हवी. आणि ती शंका खरी आहे.

संगणकाच्या हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. अशी पहिली यंत्रणा आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये बाजारात आणली. तिच्यात ५० तबकड्या होत्या आणि त्या सर्व मिळून मावत असे अवघी ५ एमबी माहिती. म्हणजे आजच्या मोबाइलने काढलेले एखाददुसरे छायाचित्र! तबकडीवरील अतिसूक्ष्म भागांच्या चुंबकत्वाच्या दिशेने शून्य आणि एक हे अंक नोंदवले जातात. कोणती फाइल तबकडीवर कोठे आहे, याची एक वेगळी नोंदवही तबकडीवरच ठेवलेली असते. आपण डिलीट म्हटले की, प्रणाली या नोंदवहीत त्या फाइलपुढे 'ही जागा मोकळी' अशी खूण करते आणि थांबते. जुन्या डॉस प्रणालीत तर नोंदीतील फाइलच्या नावाचे पहिले अक्षर तेवढे बदलले जाई आणि जागेची नोंद मोकळी केली जाई. १९९१ च्या डॉसमध्ये फाइल परत मिळवण्याची आज्ञाच होती. ती आज्ञा दिली की संगणक विचारी, 'नावाचे पहिले अक्षर काय होते?' नाव 'कमल' असेल तर त्याला फक्त '?मल' एवढेच दिसे. आपण 'क' सांगितला की, जागेवर दुसरे काही लिहिले गेले नसल्यास फाइल हजर!

आपल्याकडचे उदाहरण द्यायचे तर सातबाऱ्याचे देता येईल. तलाठ्याच्या दप्तरात एखाद्याचे नाव कमी केले, फेरफार झाला, म्हणून काही त्याच्या बागेतील संत्र्याची झाडे उपटली जात नाहीत. नवा मालक येऊन नांगर घालीपर्यंत झाडे जागीच असतात, फळांसकट. संगणकातील डिलीट हा असा फेरफार आहे. आणि 'क्विक फॉरमॅट' म्हणजे सबंध गावाचे दप्तर नवे लिहिणे. शिवारातील झाडे त्यानेही हलत नाहीत.

संगणक बनवणाऱ्यांनी ही लबाडी केली, असे मात्र समजू नका. वेळ वाचावा, यंत्र झिजू नये, आणि चुकून डिलीट झालेली वस्तू परत मिळावी, या दृष्टीने ही योजना अगदी शहाणपणाची आहे. घरात यंत्र आहे तोवर ती सोयीची असते. यंत्र घराबाहेर पडले की तीच सोय उलटते.

आता कारंज्याकडे वळू. येथे संगणक कोणाकडे आहेत? घरोघरी आहेतच, पण ज्यांच्याबद्दल मला बोलायचे आहे ते वेगळे आहेत. झेरॉक्सच्या दुकानातील संगणक घ्या. मोबाइलवरून पाठवलेले आधार कार्ड, पेनड्राइव्हमधून आणलेला अर्ज, हे सगळे छापण्यापूर्वी तेथे उतरवून घेतले जाते आणि बहुधा तेथेच राहते. आपले सरकार सेवा केंद्र घ्या. २०१७ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली कर्जमाफीचे अर्ज संगणकावरून भरावे लागले, तेव्हा राज्यभर शेतकऱ्यांच्या रांगा या केंद्रांपुढे लागल्या होत्या. २०२४ मध्ये मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली, तेव्हा रांगा महिलांच्या होत्या. प्रत्येक अर्जासोबत कागद जोडायचे असतात. ते आधी संगणकावर घ्यावे लागतात. संत्र्याचा व्यापारी घ्या. बागवानाला रक्कम बँकेतून द्यायची म्हणजे नाव, खाते क्रमांक आणि मोबाइल क्रमांक त्याच्या लॅपटॉपमध्ये असणारच. आणि शाळा घ्या. २०१५ पासून महाराष्ट्रातील शाळांना विद्यार्थ्यांची माहिती 'सरल' प्रणालीत भरावी लागली. ती भरण्यापूर्वी तिचे तक्ते शाळेच्याच संगणकावर तयार होतात. त्यांत जन्मतारीख असते, आईचे नाव असते, जात असते आणि शिष्यवृत्तीसाठी बँक खातेही असते.

लॅपटॉप विकण्यापूर्वी 'आपली' माहिती पुसावी, असा उपदेश सर्वत्र ऐकू येतो. मला तो अपुरा वाटतो. वर सांगितलेल्या यंत्रांमध्ये विकणाऱ्याची स्वतःची माहिती थोडीच असते. बाकी सारी दुसऱ्यांची असते, आणि त्या दुसऱ्यांना यंत्र विकले गेल्याचे कोणी कळवीत नाही. स्वतःची माहिती न पुसणारा निष्काळजी म्हणावा. पण जो दुसऱ्याची माहिती न पुसता यंत्र विकतो, त्याला केवळ निष्काळजी म्हणून सोडून देणे मला पटत नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने खाजगीपण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. रांगेत उभ्या राहिलेल्या त्या शेतकऱ्याचाही तो हक्क आहे, आणि त्याच्या हक्काची वस्तू सेवा केंद्राच्या जुन्या डिस्कमध्ये पडून आहे.

'आमच्या एवढ्याशा गावात कोण कशाला शोधत बसेल?' असा प्रश्न यावर नेहमी विचारला जातो. पण यंत्र गावात राहतच नाही. ते भंगारवाल्याकडून किंवा जुन्या मालाच्या व्यापाऱ्याकडून नागपूरला जाते, तेथून कदाचित मुंबईला. त्यातली डिस्क कधी कधी निराळीच काढून विकली जाते. आणि शोधत बसणारा माणूस नसतोच, शोधण्याचे काम करणारी आज्ञावली असते. ती हजारो फाइली वाचून पाहत नाही. ती नमुने हुडकते. बँकेच्या शाखेचा आयएफएससी संकेत ११ चिन्हांचा असतो आणि त्यातील पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते. पॅन क्रमांकात आधी पाच अक्षरे, मग चार अंक, मग एक अक्षर असते. आधार क्रमांक १२ अंकी असून त्याचा शेवटचा अंक पडताळ्याचा असतो. हॉलंडचे गणिती याकोबस व्हर्हूफ यांनी १९६९ मध्ये शोधलेल्या रीतीने तो आधीच्या ११ अंकांवरून काढतात. क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकला किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर ही रीत ती चूक हटकून पकडते. रीत मोठी सुंदर आहे आणि गणिताच्या शिक्षकांनी ती वर्गात अवश्य सांगावी. मात्र तिचा एक उलटा उपयोगही आहे. डिस्कवरील १२ अंकी संख्यांच्या ढिगातून खरे आधार क्रमांक वेगळे काढताना शोधणारी आज्ञावली हाच पडताळा लावते, आणि दर दहा भलत्या संख्यांपैकी सरासरी नऊ बाद होतात.

नुसत्या नावाला फारशी किंमत नसते. कारंजा म्हटले की कोणते, लाडांचे की घाडग्यांचे, असे विचारावेच लागते. म्हणून तर गावाच्या नावापुढे कंस आला. माणसाचेही तसेच आहे. नावाला जन्मतारीख, खाते क्रमांक आणि आईचे नाव हे कंस जोडले की ते एकाच माणसाचे नाव उरते. मग फोनवरून 'मी बँकेतून बोलतो आहे, तुमच्या मुलीची शिष्यवृत्ती अडली आहे' असे कोणी सांगितले आणि मुलीचे नाव, इयत्ता व खात्याचे शेवटचे चार अंक बरोबर सांगितले, तर साध्या माणसाने विश्वास का ठेवू नये? फसणाऱ्याला आपण भोळा म्हणतो. ज्याच्या जुन्या संगणकाने ही माहिती पुरवली असेल, त्याच्याकडे कोणाचेच बोट जात नाही.

हे भय काल्पनिक नाही. अमेरिकेतील एमआयटी या विख्यात संस्थेतील दोन विद्यार्थी, सिम्सन गारफिंकेल आणि अभि शेलत, यांनी नोव्हेंबर २००० ते ऑगस्ट २००२ या काळात वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क बाजारातून विकत घेतल्या आणि २००३ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांतील १२९ डिस्क वाचता आल्या. नीट पुसलेल्या निघाल्या फक्त १२. उरलेल्यांतून पाच हजारांहून अधिक क्रेडिट कार्डांचे क्रमांक मिळाले, लोकांची खाजगी पत्रे मिळाली. आणि एक डिस्क तर बहुधा बँकेच्या पैसे देणाऱ्या यंत्रातून निघालेली होती, तिच्यावर वर्षभराचे व्यवहार जसेच्या तसे होते. विद्यार्थ्यांनी बाजारातील जुना माल विकत घेऊन केलेले हे संशोधन आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

झेरॉक्सवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. कचेऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या मोठ्या प्रत-यंत्रांपैकी पुष्कळांमध्ये हार्ड डिस्क असते आणि काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा तीत साठू शकतात. २०१० मध्ये अमेरिकेतील सीबीएस वाहिनीने चार जुनी प्रत-यंत्रे विकत घेतली. एकात पोलिसांची कागदपत्रे निघाली, दुसऱ्यात एका आरोग्य विमा संस्थेच्या ग्राहकांचे वैद्यकीय कागद. त्या संस्थेला २०१३ मध्ये तडजोड म्हणून बारा लाख डॉलरहून जास्त रक्कम भरावी लागली. आपल्याकडच्या टेबलावरच्या लहान यंत्रांत अशी डिस्क बहुधा नसते, पण वापरलेले मोठे यंत्र घेणाऱ्याने व देणाऱ्याने ही चौकशी करावीच.

मग पुसायचे कसे? तबकडीच्या डिस्कचे उत्तर सोपे आहे: तिच्या प्रत्येक जागी नवे काहीतरी लिहावे, नुसती शून्ये लिहिली तरी चालेल. सातबारा बदलून भागत नाही, नांगर घालावा लागतो. विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीपासून 'क्विक' ही खूण काढून पूर्ण फॉरमॅट केले की असे शून्यलेखन होते. विंडोज १० आणि ११ मध्ये सबंध यंत्रासाठी 'रीसेट धिस पीसी' या सोयीत 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढे 'क्लीन डेटा' ही निवड 'होय' करावी लागते. ती आपण होऊन चालू नसते, आणि येथेच बहुतेकांची गफलत होते. वेळेचा हिशेब तुम्हीच करून पाहा. डिस्क ५०० जीबीची आहे आणि दर सेकंदाला १०० एमबी लिहिली जाते असे धरले, तर ५,००० सेकंद, म्हणजे सुमारे ८३ मिनिटे लागतील. दोन मिनिटांत 'पुसून झाले' असे कोणी सांगितले, तर या डिस्कवर ते झालेले नाही.

कितीदा लिहावे, यावर एक गमतीदार समजूत चालत आली आहे. न्यूझीलंडचे पीटर गटमन यांनी १९९६ मध्ये निरनिराळ्या जुन्या पद्धतींच्या डिस्क लक्षात घेऊन ३५ वेळा लिहिण्याची योजना मांडली. लोकांनी ती मंत्रासारखी धरली. पुढे गटमन यांनाच सांगावे लागले की, ३५ ही संख्या सर्व पद्धतींची बेरीज आहे, कोणत्याही एका डिस्कला तिची गरज नाही. आजच्या डिस्कवर एकदा नीट लिहिले तर पूर्वीचे वाचता येत नाही, असेच मानले जाते.

आता नव्या लॅपटॉपांत तबकडी नसते, तर फ्लॅश स्मृती असते. जपानचे फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ती विकसित केली. तिच्या पेशींत विद्युत्भार कोंडून माहिती ठेवतात. येथे जुन्या लेखनावर थेट नवे लिहिता येत नाही. आधी पेशींचा सबंध गट रिकामा करावा लागतो, आणि प्रत्येक वेळी पेशी थोडी झिजते. सर्व पेशी सारख्या झिजाव्यात म्हणून यंत्रातील नियंत्रक शेतकऱ्यासारखी फेरपालट करीत असतो. आपण 'याच जागी लिही' म्हटले तरी तो दुसरीकडेच लिहितो, आणि जुने लेखन काही काळ तसेच राहू शकते. त्यामुळे तबकडीचा नांगर येथे पुरेसा खात्रीचा नाही. यासाठी यंत्राच्या आतच सर्व पेशी रिकाम्या करण्याची आज्ञा असते. तीही डोळे झाकून मानू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील संशोधकांनी २०११ मध्ये बारा यंत्रे तपासली, तेव्हा एका यंत्राने 'पुसले' असे कळवले आणि माहिती मात्र जशीच्या तशी होती!

म्हणून मला सर्वांत पसंत पडते ती तिसरी वाट: पहिल्या दिवसापासूनच माहिती कूटरूपात ठेवणे. २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारलेल्या एईएस या कूटपद्धतीची लहानात लहान किल्ली १२८ अंशांची असते. अशा किल्ल्यांची संख्या २ चा १२८ वा घात, म्हणजे ३४ वर ३७ शून्ये एवढी होते. एका सेकंदाला एक अब्ज किल्ल्या लावून पाहिल्या तरी विश्वाच्या आजवरच्या वयात त्यांतला नगण्य अंश संपेल. सारी माहिती या कुलपात असली की पुसायची फक्त किल्ली. किल्ली गेली की उरतो तो निव्वळ गोंधळ. अलीकडच्या बहुतेक मोबाइल फोनांत ही व्यवस्था मुळातच असते, म्हणून त्यांचे 'फॅक्टरी रीसेट' झटपट होऊनही भरवशाचे ठरते. फोन देताना आधी आपले खाते काढावे, नाही तर घेणाऱ्याला फोन उघडताच येत नाही. आणि मेमरी कार्ड काढून घ्यावे. ते कूटरूपात असतेच असे नाही. संगणकावर ही व्यवस्था पुष्कळदा आपणच सुरू करावी लागते, आणि ती यंत्र विकायच्या आदल्या दिवशी करून तितकासा उपयोग होत नाही.

हातोड्याचा पुरस्कार करणारेही भेटतात. डिस्क फोडून टाका, झंझट नको! अतिगुप्त माहितीसाठी ते योग्य असेल. पण शाळेच्या वीस चालू डिस्क फोडणे म्हणजे वीस मुलांच्या हातचा संगणक काढून घेणे आहे. घरातील लोहचुंबक फिरवणे तर निव्वळ करमणूक आहे. त्याने हार्ड डिस्कचे सहसा काही बिघडत नाही आणि फ्लॅश स्मृतीला चुंबकाशी कर्तव्यच नाही.

आता मुख्य सूचना. आपल्या प्रत्येक शाळेत जडसंग्रह नोंदवही असते. बाके, घंटा, नकाशे, प्रयोगशाळेतील तराजू यांची नोंद तीत असते. एखादी वस्तू निकामी झाली की तिचे निर्लेखन होते आणि मग ती विकली जाते. तुटक्या खुर्चीची आणि संगणकाची वाट आज एकच आहे. खुर्चीला कोण बसले होते हे खुर्ची सांगत नाही; संगणक सांगतो. म्हणून संगणकाच्या निर्लेखनापूर्वी या वहीत एक रकाना भरलाच पाहिजे, असा दंडक हवा: स्मृती तबकडीची की फ्लॅश, कशी पुसली, कोणी पुसली, दुसऱ्या कोणी पडताळून पाहिली, तारीख आणि दोन सह्या. ही माझी लहर नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाणसंस्थेने २००६ मध्ये स्मृती पुसण्याविषयी मार्गदर्शिका काढली आणि तिच्यात अशा दाखल्याचा नमुनाही जोडलेला आहे. सेवा केंद्रांना परवानगी देणाऱ्या जिल्हा प्रशासनानेही हाच दाखला मागावा. झेरॉक्सच्या दुकानांना वही नसते, हे खरे. तेथे गिऱ्हाइकाने 'माझी फाइल काढा' असे म्हणायला लाजू नये, एवढे तरी सुरू व्हावे.

२०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांतील बंधने टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. हेतू संपला की माहिती पुसावी, हे तत्त्व त्या कायद्यात आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीला त्यात विशेष संरक्षण आहे. परंतु कायद्याचे तत्त्व दिल्लीहून कारंज्याच्या शाळेतील कपाटापर्यंत पोचायचे तर ते कुठल्या तरी वहीच्या रकान्यातूनच पोचेल, असा माझा समज आहे.

वेळ कोणाला आहे, असे मुख्याध्यापक विचारतील. वीस संगणकांना वीस वेळा ८३ मिनिटे लागत नाहीत. सगळे एकदम लावता येतात. पडताळणीचे काम नववी-दहावीच्या मुलांना चांगले जमेल, कारण तो खरोखरच एक प्रयोग आहे. एक रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यावर आपणच काढलेली झाडापानांची दहा छायाचित्रे ठेवा आणि ती डिलीट करा. मग फाइली परत मिळवणारी एखादी मोफत आज्ञावली, उदाहरणार्थ फोटोरेक, चालवून किती चित्रे परत येतात ते मोजा. क्विक फॉरमॅट करून पुन्हा मोजा. शेवटी पूर्ण फॉरमॅट करून तिसऱ्यांदा मोजा, आणि प्रत्येक पायरीला लागलेला वेळ शेजारी लिहा. परक्याचा पेनड्राइव्ह या प्रयोगाला घेऊ नये. शिक्षकांनी सुरुवातीलाच ही अट घालावी.

शाळेचे संगणक पुसायला घेण्यापूर्वी हव्या त्या फाइलींची प्रत दुसरीकडे काढून ठेवावी, आणि ती नीट उघडते आहे ना, हेही पाहावे. लॅपटॉपला चार्जर जोडलेला ठेवावा. साध्या संगणकांसाठी वीज जाण्याची वेळ टाळून काम सुरू करावे, कारण मध्येच खंड पडला तर बहुधा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.